सिस्को ५५२० कंट्रोलरवरून ९८००-एल वर जातोय, ९१२० एपी (वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट) लगेच जॉइन होतात पण २७०२ डाउनलोडिंगमध्येच अडकतात

वॉर्ड_वायफाय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर कोणालाच नीट उत्तर देता येणार नाही.

सांगलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये नेटवर्क बघतो, मी आणि एक ज्युनियर एवढेच. तीन बिल्डिंग आहेत, शिवाय तालुक्याच्या गावात एक छोटं क्लिनिक, ते एमपीएलएसच्या ४ एमबीपीएस लिंकवर. सिस्कोचा ५५२० कंट्रोलर म्हणजे सगळे एपी सांभाळणारा बॉक्स, त्यावर एअरओएस हे सॉफ्टवेअर, ८.१०, एकूण ११८ एपी. त्यातले ६४ जुने २७०२ आणि ५४ नवे ९१२०, हे नवी बिल्डिंग झाली तेव्हा म्हणजे २०२३ मध्ये घेतले. ८.१० ही एअरओएसची शेवटचीच लाइन, त्यामुळे ९८००-एल वर जायचं हे आधीच ठरलं होतं आणि बॉक्स २०२२ च्या उन्हाळ्यातच आलाय, पण बांधकाम लांबत गेलं आणि तो खोक्यातच राहिला. आता रॅकमध्ये चढला. त्यावर १७.३.५ए आहे, आला तसाच.

टेस्ट म्हणून ऑफिसच्या बाजूचे सहा ९१२० हलवले, दहा-पंधरा मिनिटांत जॉइन, क्लायंट चालू, सगळं छान. मग स्टोअररूममधला एक २७०२ हलवला. कंट्रोलर सापडतो, जॉइन होतो, स्टेटस डाउनलोडिंग दाखवतो, थोड्या वेळाने गळतो, परत जॉइन, परत डाउनलोडिंग. रात्रभर तसाच ठेवला, सकाळी येऊन बघतो तर तेच. केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसरा २७०२ घेतला, तोही तसाच. गंमत नाही पण कोडं असं की तोच एपी परत ५५२० कडे पाठवला की बिनतक्रार चालतो.

माझी काळजी वेगळी आहे. आयसीयू, लेबर वॉर्ड आणि जनरल वॉर्डचे दोन मजले, सगळीकडे २७०२ च आहेत. सिस्टर लोक औषध देताना पेशंटच्या मनगटावरचा बारकोड हातातल्या स्कॅनरने वाचतात आणि तो स्कॅनर वायफायवर असतो. वायफाय गेलं की कागदावर काम, आणि कागदावर चूक व्हायला वेळ लागत नाही. मला रात्री १ ते ४ अशी विंडो मिळते. २७०२ का अडकतात आणि एकूण कुठल्या क्रमाने जावं, कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

पॅचकॉर्ड

भाऊ, ९१२० जॉइन झालेत म्हणजे कंट्री कोड, वायरलेस मॅनेजमेंट इंटरफेस, ५२४६-५२४७ पोर्ट हे सगळं बरोबर आहे, तिकडे वेळ घालवू नका. एल मॉडेल आहे म्हणजे सर्टिफिकेट बॉक्समध्येच येतं, सीएल म्हणजे व्हर्च्युअल असता तर सेल्फ साइन्ड बनवायचं राहिलंय का ते विचारलं असतं.

मॉडेलचाही प्रश्न नाही, १७.३ वर २७०२ चालतो. पण हे लिहून ठेवा, १७.४ पासून १७००, २७००, ३७०० ह्या सिरीजचा सपोर्ट काढला होता आणि तो १७.९ च्या लाइनमध्ये परत आला १७.९.३ पासून. म्हणजे मधल्या कुठल्या व्हर्जनवर चुकून गेलात तर तुमचे ६४ च्या ६४ एपी बाहेर. कुठलंही व्हर्जन टाकण्याआधी कम्पॅटिबिलिटी मॅट्रिक्स उघडायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी मॉडेल शोधायचं, कोणी फोनवर सांगितलं म्हणून टाकायचं नाही.

आता जो अडकलाय त्याचा कन्सोल लावा, ९६०० बॉड, आणि डाउनलोड चालू असताना काय छापतो ते इथे टाका. कंट्रोलरच्या बाजूने बघून ह्यात फारसं कळत नाही, एपी स्वतः काय म्हणतो ते महत्त्वाचं.

वॉर्ड_वायफाय

पॅचकॉर्ड दादा धन्यवाद, कन्सोल लावला. इमेज म्हणजे एपीचं सॉफ्टवेअर पूर्ण उतरतं आणि मग शेवटी एक ओळ येते, सर्टिफिकेट चेन व्हॅलिडेशन फेल, सर्टिफिकेटची मुदत संपली, आणि पुढे तारीख ४ डिसेंबर २०२२. त्यानंतर इमेज टाकून देतो आणि रीबूट.

मला हे समजेना. एपी तर वर्षानुवर्षं व्यवस्थित चालू आहे, आणि आज कुठे २०२२ ची तारीख?

मध्यरात्र_विंडो

ती तारीख बघितली आणि लगेच लिहायला बसले, कारण ह्याच तारखेने मी एक पूर्ण रात्र घालवलीय.

दादा, २७०२ हा सिस्कोच्या जुन्या आयओएसवर चालणारा एपी आहे. तो इमेज डाउनलोड केली की ती खरी आहे का हे सही तपासून बघतो, आणि त्या सहीमागच्या सर्टिफिकेटची मुदत ४ डिसेंबर २०२२ ला संपली. सिस्कोची फील्ड नोटीस आहे ह्यावर, ७२५२४ नंबरची, आख्खी वाचा. चालू एपीला काहीच होत नाही कारण तो रोज इमेज तपासत नाही, फक्त नवीन इमेज घेताना तपासतो. म्हणून ५५२० वर बिनतक्रार, तिथे डाउनलोडच करायचं नसतं. आणि ९१२० ची ओएसच वेगळी, त्याला ह्याच्याशी देणंघेणं नाही.

उपाय म्हणजे घड्याळ मागे न्यायचं. एपीला स्वतःचं पक्कं घड्याळ नसतं, जॉइन होताना तो वेळ कंट्रोलरकडून घेतो. कंट्रोलरवर एनटीपी (नेटवर्कवरून आपोआप वेळ घेणं) काढा, तारीख हाताने ४ डिसेंबर २०२२ च्या आधीची लावा, एपी जॉइन होऊ द्या, इमेज उतरून रीबूट होऊन परत जॉइन झाला की एनटीपी परत लावा. झालं. ऐकायला जुगाड वाटतो पण नोटीसमध्येच दिलेला मार्ग आहे.

पण दोन गोष्टी आधी बघा, नाहीतर एका खड्ड्यातून दुसऱ्यात. एक, सर्टिफिकेटला जशी शेवटची तारीख असते तशी सुरुवातीचीही असते. तुमच्या कंट्रोलरचं स्वतःचं सर्टिफिकेट कधीपासून वैध आहे ते बघा, तुम्ही लावणार ती तारीख त्याच्या नंतरची पाहिजे. तुमचा बॉक्स २०२२ च्या उन्हाळ्यातला आहे म्हणजे नोव्हेंबर २०२२ चालेल, ह्या बाबतीत तो खोक्यात पडून राहिला हे तुमच्या पथ्यावरच पडलंय, आजकाल बनलेला बॉक्स असता तर ही वाट बंद होती. दोन, तुमचे ९१२० २०२३ मध्ये घेतलेले. त्यातल्या ज्यांचं सर्टिफिकेट तारखेनंतर जारी झालं असेल ते घड्याळ मागे असताना जॉइनच होणार नाहीत, कारण कंट्रोलरच्या हिशोबाने ते अजून जन्मलेच नाहीत. म्हणून ते सहा टेस्टवाले आधी ५५२० वर परत पाठवा. नवीन कंट्रोलरवर आधी फक्त २७०२, मग घड्याळ खरं, मग ९१२०. हा क्रम उलटा करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत्ता तुमचा नवीन कंट्रोलर जवळजवळ रिकामा आहे. अपग्रेड करायचा असेल तर आत्ताच करा. १७.९ च्या लाइनमधलं १७.९.३ च्या पुढचं जे रेकमेंडेड असेल ते दिवसाढवळ्या टाका, कोणाला कळणारही नाही. एपी चढवल्यावर केलंत तर प्रत्येक वॉर्डात दोनदा डाउनलोड आणि दोनदा रीबूट. शो व्हर्जनमध्ये पॅकेजेस डॉट कॉन्फ दिसतंय ना ते बघा, डॉट बिन फाइलवरून बूट झाला असेल तर तो बंडल मोड, आधी इन्स्टॉल मोडला आणा. इन्स्टॉल अ‍ॅड, अ‍ॅक्टिव्हेट, आणि शेवटी कमिट. कमिट विसरलात तर ६ तासांनी तो स्वतःच जुन्या व्हर्जनवर परत जातो. आमच्याकडे पहाटे तीनला अ‍ॅक्टिव्हेट करून सगळे घरी गेले आणि सकाळी नऊला ओपीडीच्या टायमाला आख्खा कंट्रोलर रीबूट, ते अजून डोळ्यासमोर आहे.

कोकणकडा

ताईंनी मुख्य सांगितलंच आहे, मी बाकीच्या राहून जाणाऱ्या गोष्टी सांगतो कारण हॉस्पिटलचं काम आहे आणि तिथे एपी जॉइन झाला म्हणजे झालं असं नसतं.

पहिली रेडियस, म्हणजे स्टाफचं लॉगिन तपासणारा सर्व्हर. नवीन कंट्रोलरचा आयपी वेगळा आहे ना, तो रेडियस सर्व्हरवर क्लायंट म्हणून टाकलाय का शेअर्ड सीक्रेटसकट? हे नव्वद टक्के लोक टेस्टमध्ये पकडत नाहीत कारण टेस्ट पासवर्डवाल्या एसएसआयडीवर (वायफायच्या नावावर) करतात आणि रात्री स्टाफचा डॉट१एक्स (प्रत्येकाच्या स्वतःच्या लॉगिनचा वायफाय) लागतच नाही.

दुसरी, टॅग. एअरओएसमध्ये एपी ग्रुप होता, इथे प्रत्येक एपीला तीन टॅग लागतात, पॉलिसी, साइट आणि आरएफ. एपी हलवायच्या आधीच मॅक अ‍ॅड्रेसप्रमाणे टॅग लावून ठेवा, सीएसव्ही फाइलने एकदम चढवता येतात. नंतर लावलात तर टॅग बदलला की एपी एकदा डिस्कनेक्ट होऊन परत जॉइन होतो, रात्रीच्या वेळेतली तेवढी मिनिटं फुकट जातात. ९८००-एल वर एपी सांभाळणारा प्रोसेस एकच आहे त्यामुळे साइट टॅग वाटून लोड विभागायचं टेन्शन नाही, ते ९८००-४० आणि ८० वाल्यांना. पण क्लिनिकला फ्लेक्सकनेक्ट (लांबच्या साइटच्या एपीसाठीचा मोड) असेल तर त्याला वेगळा साइट टॅग पाहिजेच, त्यात लोकल साइटची टिक काढायची, आणि त्या ४ एमबीपीएस लिंकवर सगळ्या एपीला एकदम इमेज ओढू देऊ नका, फ्लेक्समध्ये सोय आहे की एका मॉडेलचा एकच एपी कंट्रोलरकडून इमेज घेतो आणि बाकीचे त्याच्याकडून. डीफॉल्ट साइट टॅगवर हे चालत नाही. ही सोय पुढच्या अपग्रेडला, प्रीडाउनलोडच्या वेळी कामाला येईल, पहिल्या जॉइनला मात्र एकेक करूनच घ्या.

क्लिनिकमध्ये एपीला कंट्रोलरचा पत्ता सांगणारा डीएचसीपी ऑप्शन ४३ असणार, तो बदलायचा राहतो. समजा कंट्रोलर १०.२०.५.१० असेल तर व्हॅल्यू होईल एफ१, मग ०४, मग ०ए १४ ०५ ०ए. एफ१ हा टाइप, ०४ म्हणजे पुढे चार बाइट, आणि मग आयपीचा एकेक आकडा हेक्समध्ये. दोन कंट्रोलर द्यायचे असतील तर ०४ च्या जागी ०८ आणि दोन्ही आयपी मागोमाग. हे कागदावर दोनदा तपासा, एक आकडा चुकला की एपी दुसरीकडेच कुठेतरी हाका मारत बसतो.

तिसरी, बिल्डिंगप्रमाणे हलवा. एक एपी जुन्यावर, शेजारचा नवीनवर असं मिश्रण करू नका. स्कॅनर घेऊन सिस्टर कॉरिडॉरमधून चालत गेल्या की दर दुसऱ्या एपीला कंट्रोलर बदलणार आणि सेशन तुटणार. दोघांमध्ये मोबिलिटी टनेल जोडता येतो, यूडीपी १६६६६ आणि १६६६७ उघडून, पण एका आठवड्यात काम संपणार असेल तर आख्खा मजला, आख्खी बिल्डिंग एकदम हलवणं जास्त सोपं.

चौथी, ते स्कॅनर किती जुने आहेत? ९८०० वर नवीन डब्ल्यूलॅन बनवला की फास्ट ट्रान्झिशन (एका एपीवरून दुसऱ्यावर पटकन जायची सोय) अ‍ॅडॅप्टिव्ह मोडवर असतो. फोन-लॅपटॉपला फरक पडत नाही, पण जुन्या हँडहेल्ड मशीन त्याने बिचकतात, एसएसआयडी दिसतो पण लागत नाही. एक स्कॅनर हातात घेऊन आधी टेस्ट करा.

वॉर्ड_वायफाय

सगळ्यांचे मनापासून आभार, काम बरंचसं झालं, लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

कंट्रोलर रिकामा करून दुपारीच १७.९ वर नेला, कमिट केलं, रीबूट करून परत बघितलं. कंट्रोलरच्या सर्टिफिकेटची सुरुवात २०२२ च्या मार्चमधली निघाली. मग एनटीपी काढून तारीख २० नोव्हेंबर २०२२ लावली. १७.९ वर घड्याळाची गरज उरली होती की नाही ते तपासत बसलो नाही, आयसीयूच्या बाबतीत रिस्क नको होती. स्टोअररूमवाला २७०२ पहिल्याच खेपेला उतरला, जॉइन झाला. कन्सोलवर ती मुदतीची ओळ आली नाही तेव्हा मी आणि ज्युनियर दोघंही खुर्चीत मागे टेकलो.

रात्री जुन्या बिल्डिंगचा एकेक मजला घेतला. ५५२० वरूनच प्रत्येक एपीचा प्रायमरी कंट्रोलर बदलला, नाव आणि आयपी दोन्ही देऊन. नावात एक अक्षर लहान-मोठं झालं तर जमत नाही हे सातव्या एपीला कळलं, म्हणून पुढचे सगळे कॉपी-पेस्ट. आयसीयूमध्ये सिस्टर इन्चार्जना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी कागदी चार्ट तयार ठेवले आणि आम्ही एक सोडून एक एपी हलवला. कोकणकडा दादांनी मिश्रण नको म्हटलं होतं, पण तिथे पेशंट हलत नाहीत आणि स्कॅनर बेडजवळच असतात, आख्खी खोली अंधारात ठेवण्यापेक्षा हे बरं वाटलं. तेवढा अर्धा-पाऊण तास सिग्नल कमी होता पण बंद कुठेच झाला नाही.

स्कॅनरचं अगदी तसंच झालं. एसएसआयडी दिसत होता, लागत नव्हता. फास्ट ट्रान्झिशन डिसेबल केल्याबरोबर पहिल्या सिस्टरच्या हातातला स्कॅनर पीप करून वाचायला लागला. रेडियस आधीच टाकलेला असल्यामुळे स्टाफचं सगळं चाललं. चार रात्रींत २७०२ संपले, क्लिनिकचे सोडून, घड्याळ खरं केलं, मग ९१२०, ते तर बिल्डिंगच्या बिल्डिंग एका रात्रीत.

आता नवीन प्रश्न. काल दुसऱ्या मजल्याचा यूपीएस मेन्टेनन्सला बंद केला होता, पंधरा मिनिटं स्विच बंद. परत चालू झाल्यावर ९ पैकी ७ एपी आलेच नाहीत. डाउनलोडिंगही दाखवत नाहीत, जॉइनच होत नाहीत. घड्याळ आता बरोबर आहे, एनटीपी चालू आहे. काल दिवसभर त्या मजल्यावर तात्पुरते दोन ९१२० लावून काम भागवलंय.

मध्यरात्र_विंडो

ते ७ कधी विकत घेतलेत ते सांगा. २०१५ चे असतील तर उत्तर त्यातच आहे.

हे दुसरं सर्टिफिकेट. इमेजच्या सहीचं वेगळं आणि एपीच्या स्वतःच्या ओळखीचं वेगळं, फॅक्टरीत बनताना आत बसवलेलं, त्याला एमआयसी म्हणतात, आणि जुन्या एपीमध्ये त्याची मुदत बनल्यापासून १० वर्षं. दहा वर्षं झाली की एपी ओळखपत्र दाखवतो आणि कंट्रोलर म्हणतो संपलंय, डीटीएलएस म्हणजे दोघांमधलं सुरक्षित कनेक्शन तिथेच तुटतं, डाउनलोडपर्यंत गोष्ट जातच नाही. घड्याळ २०२२ वर होतं तेव्हा ते वैध होतं म्हणून जॉइन झाले, एकदा जॉइन झाल्यावर घड्याळ पुढे आलं तरी चालू राहिले. रीबूट झाला आणि पकडले गेले. माझ्याकडून हे आधी सांगायचं राहिलं, माफ करा, एपीचं वय विचारायला पाहिजे होतं.

९८०० वर असं करा. क्रिप्टो पीकेआय सर्टिफिकेट मॅप बनवा, त्यात इश्यूअर नेममध्ये सिस्को मॅन्युफॅक्चरिंग सीए असेल तर अशी अट टाका. मग क्रिप्टो पीकेआय ट्रस्टपूल पॉलिसीमध्ये जाऊन तो मॅप मॅच करायचा आणि अलाउ एक्स्पायर्ड सर्टिफिकेट. म्हणजे मुदत तेवढी माफ, बाकी सर्टिफिकेट कोणी दिलं ते तपासणं चालूच राहतं.

आणि ५५२० वर बघा, कोणीतरी कॉन्फिग एपी सर्ट-एक्स्पायरी-इग्नोर एमआयसी एनेबल करून ठेवलं असणार, नाहीतर तुम्हाला हे आधीच दिसलं असतं.

वॉर्ड_वायफाय

ताई माफी कसली, तुमच्यामुळे आयसीयू चालू आहे.

खरेदीची फाइल काढली. १९ एपी २०१५ च्या जानेवारी-फेब्रुवारीतले, बाकीचे ४५ नंतर २०१७ मध्ये घेतलेले. ते ७ पहिल्या लॉटमधलेच. ५५२० वर तुम्ही म्हणालात ती सेटिंग खरंच एनेबल होती, माझ्या आधी इथे जे होते त्यांनी केली असणार, कुठे लिहून ठेवलेली नव्हती आणि कन्फिग नवीन कंट्रोलरवर हाताने नेताना माझ्या नजरेतून सुटली.

मॅप लावला, ट्रस्टपूल पॉलिसी लावली, पाच मिनिटांत सातही आले. उरलेले १२ अजून जॉइन होते पण पुढच्या रीबूटला गेले असते, म्हणून काल रात्री एकेक करून मुद्दाम रीबूट करून बघितले, सगळे परत आले. २०१७ वाल्यांची मुदत २०२७ मध्ये, ते त्याच मॅपमध्ये बसतात. १९ चे बॅचप्रमाणे सीरियल नंबर, मजला आणि दोन्ही सर्टिफिकेटच्या तारखा असलेला कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय, आणि ट्रस्टला पुढच्या बजेटमध्ये आयसीयूचे ९ एपी बदलायला लेखी दिलंय.

क्लिनिकचे चार २७०२ राहिलेत. ऑप्शन ४३ ची व्हॅल्यू ज्युनियरने वेगळी काढली, मी वेगळी काढली, जुळली. रविवारी ओपीडी बंद असते, तेव्हा जातोय. ह्या वेळी जाऊन कन्सोल केबल लावूनच बसणार.

पॅचकॉर्ड

रविवारी निघायच्या आधी कंट्रोलरचं घड्याळ मागे न्यायचं असेल तर लक्षात घ्या, आता त्यावर ५४ ९१२० चालू आहेत. मागे असताना त्यातला एखादा रीबूट झाला तर परत येणार नाही. त्यापेक्षा त्या चार एपीत आर्काइव्ह डाउनलोड कमांडने इमेज आधी टाकता येते का ते स्टोअररूमवाल्या एपीवर बघा, किंवा १७.९ वर घड्याळ न हलवता एक एपी घेऊन बघा उतरतो का. चारच तर आहेत, आणि क्लिनिक बंद आहे.

वॉर्ड_वायफाय

हे डोक्यातच आलं नव्हतं दादा. स्टोअररूममध्ये जुन्याच इमेजवरचा अजून एक २७०२ आहे, उद्याच घड्याळ न हलवता त्याच्यावर बघतो आणि इथे टाकतो.